आईने घेतलेलं समन्स

बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप दादास,

नमस्कार. वहिनी आणि मुलं मजेत असतील. इकडे सगळं ठीक. मोरीचा नळ पुन्हा गळतोय. आईचा उजवा डोळा गेल्यातच जमा आहे, डावा कामचलाऊ. माझी शिलाई बरी चाललीय.

तुझे कागद पोचले. घराच्या वाटणीच्या दाव्याचे.

कोर्टाचा बेलीफ आधी दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मी खिडकीतूनच सांगितलं, "घरी कुणी नाही." 'मग तुम्ही कोण?' असं त्याने विचारलं नाही, भला माणूस. आता कागद दारावर चिकटवीन, एवढं बजावून गेला. म्हटलं, चिकटव बाबा. आईला कुठे वाचता येतंय!

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मी गिऱ्हाइकाकडे कपडे द्यायला गेले होते. परतले तर स्वारी आत खुर्चीवर, हातात पाण्याचा पेला. तुझं पूर्ण नाव वाचून विचारत होता, "आजी, यांना ओळखता?"

"ओळखता म्हणजे? पोटचा आहे माझ्या! त्याने पाठवलंय?"

"हो," तो म्हणाला. खोटं तरी काय बोलला?

मी तोंड उघडायच्या आत तिने सही ठोकली, स्वतःच्या कागदावर आणि माझ्याही. घरातल्या मोठ्या माणसाने घेतलं तरी चालतं म्हणे. तो माझ्याकडे न बघताच निघाला. पेन इथेच विसरला.

मग म्हणाली, वाच. मी वाचलं: तू खुशाल आहेस, तिची आठवण काढतोस, पुढच्या महिन्यात पंधरा तारखेला भेटायला बोलावलंयस. तारीख तेवढी खरी. मला वाटलं रडू येईल. आलं नाही. बटणं लावायची राहिली होती, ती लावली.

ती मात्र शेजारीपाजारी सांगत सुटलीय. ठेवणीतले कपडेही काढून झाले. तिला खरं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

घराचं काय करायचं ते कर, मी भांडणार नाही. पण त्या दिवशी नुसत्या वकिलाला पाठवू नकोस. नावाचा पुकारा झाला की मी तिला हात धरून आत आणीन. तुझा चेहरा तिला दिसायचा नाही. ती आवाज शोधेल. "ये आई," एवढंच म्हण, मग पुढचं काय ते कोर्ट बघेल.

तुझी धाकटी,
कागदावर प्रतिवादी क्रमांक दोन.
क्रमांक एक आत बसून चष्मा पुसतेय.