दोनशे मेल आणि एक रिकामी टोपली

मामीजी, तुम्हाले जाऊन चाळीस वर्षं होत आली. सून म्हणून तुमच्यापुढं कधी तोंड उघडलं नाही, ते आता कागदावर उघडून राहिली. शाळा माही दुसरीपर्यंतच, अक्षर वाकडं येते. तसंही तुम्हाले वाचता येत नव्हतं.

गोष्ट तुमच्या पणतीची आहे, माह्या पोराच्या पोरीची. माशांचं शिक्षण घेऊन आली अन् आता आपल्याच तलावाचे मासे साफ करून, तुकडे करून, बर्फात बांधून हॉटेलांले देते म्हणते. हात चांगला आहे तिचा, खवला राहू देत नाही. पण घेणारं कोणी नाही. तिच्या बापानं सांगून ठेवलं आहे, दिवाळीपर्यंत पक्कं गिऱ्हाईक लागलं नाही तर वरठीले ठेकेदाराच्या हापिसात नोकरी धरायची. तिले हापिसात बसायचं नाही. म्हणून दिवसभर खाटेवर बसून मोबाईलवरून चिठ्ठ्या पाठवते, ईमेल म्हणते त्याले. लाखनीपासून नागपूरपर्यंत ज्या हॉटेलाचा पत्ता सापडला त्याले तीच एक चिठ्ठी. दोनशे झाल्या. मी विचारलं, तो तुले ओळखते का? नाही म्हणे. तू त्याले? तेही नाही. मग तो काहून उघडून पाहीन? तर मलेच समजावते, "आजी, शंभरात एखादा पाहतेच."

एकानं पाहिलं. शुद्ध शाकाहारी भोजनालय होतं ते. आधी आमची पाटी वाचा, मग मासे विका, असं लिहून आलं. अन् महिना श्रावणाचा.

मी पोट धरून हसली. पोरगी उठून आत गेली, तवा हसू थांबलं, अन् तुम्ही आठवल्या. मी नवी नवरी आहे, डोक्यावर मरळीची टोपली आहे, अन् एका दारात उभी राहून मासे घ्या वो म्हणून आवाज देते. आतून डोकी भादरलेले दोन माणसं बाहेर येतात. त्या घरी दहावा होता. तुम्ही मागून आल्या, माह्या डोक्यावरची टोपली उचलली अन् मले गावाबाहेर घेऊन आल्या. मग म्हणाल्या, "तुले दार दिसलं. घर नाही दिसलं."

नव्या गावात तुम्ही पहिल्या दिवशी टोपली रिकामी न्यायच्या. दारात बसायच्या अन् पाणी मागायच्या. काही घरी वरून ओंजळीत ओतायचे, तरी प्यायच्या. पिता पिता पाहून घ्यायच्या, गळ्यात माळ कोणाच्या आहे, सोमवार कोण धरते, सून बाळंतीण आहे का, खाणारी तोंडं किती. मासे दुसऱ्या खेपेले. तवा ती बाईच आतून आवाज द्यायची, आली का वो म्हणून.

हे सगळं मी पोरीले सांगितलं. मोठ्या तोऱ्यात सांगितलं, जसं काही मीच करत होती. तिनं ऐकून घेतलं अन् म्हणाली, चल मग. श्रावण सरल्यावर तिच्या स्कुटीवर बसून लाखनीले गेलो. रस्त्यावरचं मोठं हॉटेल, समोर ट्रकांची रांग. मी म्हटलं गुडघा दुखते, तू जा आत. मी स्कुटीपाशी उभी राहिली.

आत तिनं पाणी मागितलं तर बंद बाटली आणून ठेवली. मालकाले मान वर कराले फुरसत नव्हती, म्हणाला, "म्याडम, काय असन ते मेल करून द्या." पोरगी बाहेर आली तवा तिचं तोंड पाहवत नव्हतं. मी तिले म्हटलं, मामीजीच्या काळात असा जवाब नव्हता मिळत. पण ती ऐकत नव्हती. हॉटेलाच्या मागं जाऊन आली, अन् तिथंच स्कुटीवर बसून चिठ्ठी लिहिली, चार ओळीची. मले वाचून दाखवली. "तुमच्या हॉटेलाच्या मागच्या मोरीवर जी बाई मासे साफ करते तिचं बोट कापलं आहे, चिंधी बांधून काम करून राहिली. दुपारच्या आतच तुमची मरळ सरते असं ती म्हणाली. आम्ही साफ केलेली आणून देऊ. मंगळवारी आणू का?"

संध्याकाळी उत्तर आलं. आणा, पाहू.

एवढंच. एका हॉटेलानं काही दिवाळी निघत नाही, हे तिलेही समजते. पण जुनी चिठ्ठी तिनं पुसून टाकली. आता लिहायच्या आधी एकेक जागा पाहून येते, रोज दोन, लय झालं तर तीन. थकून येते.

अन् काल म्हणाली, "आजी, मंगळवारी तू बोल त्याच्याशी. तुले सवय आहे."

मामीजी, तुमचे पाय गेल्यावर तुम्ही मले तीन खेपा रिकामी टोपली देऊन नाल्यापलीकडच्या गावात धाडलं होतं. मी त्या गावात गेलीच नाही. तलावाच्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली बसून राहिली, ऊन कललं का घरी आली अन् सांगितलं, तिथं मासे कोणी खात नाही. ओंजळीत वरून पाणी घ्यायची मले लाज वाटे. चौथ्या खेपेले तुम्ही टोपली दिली नाही. पुढं जिंदगीभर तुम्ही लावलेल्या घरीच मासे विकले. नवं घर मी एकही लावलं नाही. पोरीच्या दोनशे चिठ्ठ्यांवर हसली, पण तिनं दोनशे दारी आवाज तरी दिला, भले खाटेवर बसून दिला.

तिले यातलं काही सांगितलं नाही. हा कागद पिठाच्या डब्याखाली ठेवते, तिथं ती हात घालत नाही. मंगळवार परवा आहे. येते म्हटलं आहे मी तिले.

माहे गुडघे चांगले आहेत, मामीजी.