पेटीच्या आतला आवाज

२ जुलै
पेटी आली. कुंभवलीच्या सुताराने टेम्पोतून पाठवली. दोघांनी जिन्यातून वर चढवली, वळणावर भिंतीचा रंग खरवडला गेला. खालच्या मजल्यावरचे दुबेजी दार उघडून बघत होते. "दीदी, फ्रिज लिया क्या?" हो म्हटलं. सोपं पडलं.

दुहेरी प्लायवूड, मधे ग्लासवूल, म्हणजे काचेचा कापूस, आत सगळीकडून फोम. ग्लासवूल शेखभाईंकडचं. कंपन्यांतल्या गरम पाइपांना लॅगिंग, म्हणजे वेष्टण, करायचं त्यांचं काम, त्यांची बिलं मी घरून टाइप करते. "गिटार को भी लॅगिंग लगता है?" हसत होते. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून भरलं, तरी मनगटं खाजतायत.

बाबा : "काय हाय ते?"
"कपड्यांची पेटी."
"एवढी?"
पुढे काही विचारलं नाही. मीच त्यांना आधी विचारायला हवं होतं.

४ जुलै
आमच्या बँडच्या कौस्तुभचा फोन, पुण्याहून. अल्बमचे ड्रम्स झाले, बेस झाला, गाणंही झालं. फक्त माझी गिटार बाकी. मागे हेडफोनवर वाजवून, कॉम्प्युटरमधला ॲम्प लावून पाठवलं होतं ते त्याने परत केलं. "शुभा, कागदावर वाजवल्यासारखं येतंय गं. स्पीकरने हवा ढकलली पाहिजे." मला काय माहीत नाही? पण इथे स्पीकर लावायचा कुठे?

म्हणून पेटी. ॲम्प बाहेर टेबलावर, त्याची वायर पेटीत, स्पीकर नि माइक दोन्ही आत. झाकण बंद. गोंगाट आतल्या आत, मला ऐकू येणार हेडफोनमधून.

गणपतीच्या आधी सगळी गाणी दे म्हणाला. देते म्हटलं.

५ जुलै
स्वतःसाठीच लिहून ठेवते, म्हणजे नंतर चिडचिड झाली की वाचता येईल. कंपनीत रिअॅक्टर फुटला तेव्हा बाबा, तिथले ऑपरेटर, आवारात होते. अंगावर ओरखडा नाही. त्यांच्याशी बोलत उभे असलेले सावेकाका गेले. तेव्हापासून दार आपटलं, वर कुणी खुर्ची ओढली, की बाबा चपला घालतात, औषधांची पिशवी घेतात नि माझा हात धरतात. "चल, बाहेर पड."

घरात कुकर लावत नाही. मिक्सर नाही. भात पातेल्यात.

माझ्याकडे दोन महिन्यांसाठी आले होते. हा तिसरा पावसाळा.

८ जुलै
पहिली चाचणी. बाबा आंघोळीला गेल्यावर. हेडफोनमध्ये तो आवाज आला आणि मी चक्क रडले. ॲम्पचा आवाज दहापैकी सहावर! बाहेर खोलीत मात्र बाटलीत माशी अडकावी एवढंच. वेडी झाले. जाड तार सोडून दिली, तशीच वाजत ठेवली.

मान वळवली तर बाबा दारात. अंग ओलं, कमरेला पंचा, पायात चपला.
"चालू झाला. चल."
"काही चालू नाही झालं बाबा."
"पायाला लागतंय माझ्या."
ॲम्प बंद केला. खाली उतरून आलो दोघं, पार्किंगमध्ये पाच-दहा मिनिटं उभे राहिलो. पंच्यावर. कुणी पाहिलं नसावं.

९ जुलै
जमिनीवर आडवी झाले, कान फरशीला लावून. खरं आहे त्यांचं. हवेतून काही येत नाही, पण खालचे सूर पेटीच्या तळातून सरळ फरशीत उतरतात. दुबेजी रात्रपाळी करून दिवसा झोपतात, त्यांच्या छतातही हेच जात असणार.

१३ जुलै
बोईसरच्या पंक्चरवाल्याकडून स्कूटरच्या जुन्या ट्यूब आणल्या. अर्धवट हवा भरली नि त्यांच्यावर पेटी ठेवली. डुलते. कान लावून बघितलं. जवळजवळ नाहीच.

बाबा पेपर वाचत होते. मी आत वाजवत होते. पान उलटलं त्यांनी.

पान उलटलं!

१९ जुलै
दोन गाणी गेली पुण्याला. कौस्तुभने नुसता हसरा चेहरा पाठवला. मग लिहिलं, थोडा डबा-डबा येतोय, माइक बाजूला सरकव. सरकवला. बरं झालं. छोट्या पेटीत स्पीकर कोंडला की तसंच होणार, आवाजाला पसरायला जागा नाही.

२४ जुलै
पालघरजवळच्या माहीमहून आत्या आली. केळी, अळू, गप्पा. पेटीवर बसायला निघाली होती, थांबवलं. बाबांदेखतच म्हणाली, "ठेव की याला माझ्याकडं आठ दिवस. वाडीत काय आवाज हाय? तू जाऊन ये पुण्याला."

माझ्या मनात हे किती दिवस होतं. तिच्याच तोंडून आलं.

२६ जुलै
बाबांना माहीमला पोचवायचं ठरलं. रिक्षा आली, पिशवी ठेवली, आत्या बसली, बाबा बसले. मी खाली उभी.
"तू बस."
"मी उद्या येते बाबा."
लगेच उतरले. आत्याने हात धरला तो झटकला. रिक्षावाला म्हणाला, "क्या करना है, बोलो." आत्या एकटी गेली.

जिना चढताना बाबा पुढे, मी मागे. मी मनात जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

२७ जुलै
दादाचा फोन वापीहून. त्याला सुट्टी नाही, वहिनीची तब्येत, मुलांच्या परीक्षा. "तू आहेस ना तिथे, म्हणून आम्हाला घोर नाही." हे तो कौतुकाने बोलतो.

२ ऑगस्ट
लाईट नाही. संध्याकाळी कंपन्यांचा वास, खिडक्या बंद. बाबा नि मी समोरासमोर बसलो. त्यांना विचारलं, सावेकाका कसे होते? म्हणाले, "लय बोलायचा." एवढंच. थोड्या वेळाने, "तेव्हा पण बोलतच होता."

९ ऑगस्ट
एकच गाणं उरलंय. सगळ्यात अवघड. शेवटी एक सूर नुसता धरून ठेवायचा, वाढत वाढत तो स्वतःच ओरडायला लागला पाहिजे. त्यासाठी ॲम्प पार वर न्यावा लागतो. आज आठपर्यंत नेला. सूर मरतो. उद्या अजून वर.

१० ऑगस्ट
जसं झालं तसं लिहिते.

दुपारी बाबा झोपलेले. मी हेडफोन लावून त्या शेवटच्या सुरावर. ॲम्प दहावर. चार-पाच वेळा झालं, दर वेळी थोडं जवळ. डोळे मिटलेले माझे. काहीतरी वास येत होता, पण इथे कसला ना कसला वास असतोच.

खांद्यावर हात पडला. दचकून डोळे उघडले तर बाबा समोर, केस भिजलेले, ओरडत होते, मला ऐकू येत नव्हतं. हेडफोन त्यांनी ओढून काढला.
"जळतंय! जळतंय ना गं!"
पेटीच्या सांध्यांतून धूर. बाबांनीच वायर उपटली, नि मला फरफटत जिन्यात आणलं.

खाली अख्खी बिल्डिंग पावसात उभी. बायका, मुलं, लुंगीवर दुबेजी, वरच्या मजल्यावरच्या आजी कुणाच्या तरी पाठीवर. धुराच्या वासाने जागे होऊन बाबा आधी वर-खाली दारोदार फिरले होते. प्रत्येक दार वाजवलं. "बाहेर पडा, बाहेर पडा." आणि सगळे पडले! इथे ते दोन शब्द ऐकले की कुणी कारण विचारत बसत नाही. मी पुढे उतरले असेन असं त्यांना वाटलेलं, सगळे उतरल्यावर बघितलं तर मी नाही. म्हणून परत वर आले.

दुबेजी नि वॉचमन बादल्या घेऊन गेले. आग नव्हतीच. स्पीकरची कॉइल तापून जळलेली, तिच्यामागचा फोम धुमसत होता. झाकण बंद, आत हवा जायला वाट नाही, नि मी दहावर.

घर उघडं टाकून, पाऊस अंगावर घेऊन, ते मला न्यायला परत वर आले आणि मी डोळे मिटून बसले होते.

११ ऑगस्ट
सोसायटीचे सेक्रेटरी कदम आले. पेटीत वाकून बघितलं. "मॅडम, हे नेमकं काय आहे?" सांगितलं. "घरात वाजवू नये असा नियम नाही. पण धूर निघतो त्याचं काय?" मी मान खाली घालून उभी. दुबेजी मागून म्हणाले, "बजाती थी? हमको तो कभी सुनाई नहीं दिया."

शेवटी ठरलं : झाकणाला जाळी, ॲम्प अर्ध्याच्या वर नाही, नि चालू असताना शेजारी कुणीतरी बसलेलं पाहिजे, बटणाजवळ.

"कोण बसणार?" कदमांनी विचारलं.
घरात दोनच माणसं.

१२ ऑगस्ट
बाबा काल दुपारभर झोपले. आज पण. चपला दारात, पिशवी खुंटीला. वर कुणीतरी काहीतरी पाडलं, मी घाबरून बघितलं, त्यांनी कूस बदलली फक्त.

जिन्यात आजी भेटल्या, म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी आमाला काढलं." बाबांना सांगितलं. "सगळे उतरले ना?" विचारलं त्यांनी. चौथ्यांदा. सगळे उतरले बाबा.

१६ ऑगस्ट
पालघरहून दुसरा स्पीकर, जुनाच, एका ऑर्केस्ट्रावाल्याचा. पेटीचं झाकण उघडं ठेवून बसवत होते तेव्हा बाबा आले.
"कपडे नाय यात."
"नाही."
"काय हाय मग?"
गिटार दाखवली, ॲम्प दाखवला, वायर कुठून कुठे जाते ते. आई असताना ही गिटार त्यांनीच बोईसरहून आणून दिली होती, विसरले नव्हते ते. फक्त ती इतके दिवस रोज वाजत होती हे त्यांना माहीत नव्हतं. वाईट वाटलं त्यांना. "मला सांगायचं तरी," म्हणाले.
मग सांगितलं. सेक्रेटरी काय म्हणाले ते पण. बटण दाखवलं.
"हे दाबलं की बंद?"
"लगेच."
दाबून बघितलं. चालू, बंद, चालू, बंद. पुष्कळ वेळ.

१८ ऑगस्ट
बाबा खुर्ची घेऊन बसले. बनियनवर नाही, शर्ट घालून. मी सुरू केलं. दुसऱ्याच कॉर्डला बंद. पुन्हा. बंद. पुन्हा, बंद.
"बाबा, अजून थोडं."
"वाढत होता."
"वाढूच द्यायचा असतो."
"नाय," म्हणाले. ऑपरेटरच्या आवाजात. तो आवाज किती वर्षांनी ऐकला.

२० ऑगस्ट
तेच. अर्ध्यात बंद. एकदा मी गिटार कॉटवर आपटली. त्या आवाजाने ते उठून उभेच राहिले. चपलांकडे गेले नाहीत, पण उभे राहिले. मी सॉरी म्हटलं. ते बसले. हात परत बटणावर.



२२ ऑगस्ट
कौस्तुभ. स्पष्ट बोलला, त्याचं बरोबर आहे. एक मुलगा आहे पुण्यात, चांगला वाजवतो, पुढच्या शनिवारी स्टुडिओत येऊ शकतो. एकच गाणं आहे, तो करेल. "आणि शुभा, कार्यक्रमांचं पण बघावं लागेल गं. अल्बम आला की स्टेजवर कोणीतरी उभं पाहिजे." खिडकीतून कंपनीची चिमणी दिसते, तिच्यावरचा दिवा लागत-विझत होता.
"शुक्रवारपर्यंत पाठवते," म्हटलं.
"कार्यक्रमांचं काय?"
"आधी हे पाठवते."

२४ ऑगस्ट
आज बाबांनी पूर्वीपेक्षा उशिरा बंद केलं. मी काही बोलले नाही, बघितलंही नाही त्यांच्याकडे. पुन्हा वाजवलं. अजून थोडा उशीर. त्यांच्या कपाळावर घाम होता. पाणी दिलं. "आज पुरे का?" विचारलं तर म्हणाले, "तुझं झालं का?" नाही झालं. "मग?"

२५ ऑगस्ट
दादाला फोन केला, मीच. कार्यक्रमांचं सांगितलं. महिन्यातून काही दिवस तरी तू ये, मी जाते. तो म्हणाला, "बघतो." बघतो म्हणजे काय ते आम्हा दोघांना माहीत आहे.

२७ ऑगस्ट
सकाळी अकराच्या सुमारास. दुबेजींना विचारून घेतलं, म्हणाले, बजाओ, मैं चाय पी रहा हूँ.

बाबा बसले. ॲम्प अर्ध्यावर, जाळी लावलेली. तेवढ्या आवाजात तो सूर ओरडणार नाही असं वाटत होतं, म्हणून गिटार घेऊन पेटीच्या अगदी जवळ गेले, जाळीपाशी, बाबांच्या गुडघ्याला माझा गुडघा लागेल इतकी. वाजवलं सगळं. शेवटचा सूर धरला.

तो मेला नाही. जाळीतून येऊन तारेला लागला, तार पुन्हा थरथरली, नि तो वाढायला लागला. बोटाखाली जिवंत काहीतरी धरल्यासारखं. बाबांचा हात बटणावर. मी वाट बघत होते. त्यांनी दाबलं नाही.

आणि त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच विचारलं.
"आता बंद करू?"

मला बोलायचं होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले, बोट तसंच दाबून. ते माझ्याकडे बघत राहिले. सूर चालूच.

किती वेळ ते माहीत नाही. मीच बोट उचललं.

दुपारी ऐकलं. इतकं चांगलं मी कधीच वाजवलेलं नाही, आणि पुन्हा येणार नाही. पण जाळीतून बाबांचा आवाज माइकमध्ये आलाय. त्या सुराच्या ऐन मध्यावर, अगदी स्पष्ट. काढता येणार नाही, सुराला धक्का लागल्याशिवाय.

उद्या शुक्रवार. पाठवायचं की नाही, ठरत नाहीये. परत परत तेच ऐकतेय. ते विचारतात, आता बंद करू? आणि त्यानंतर नुसती गिटार वाजत राहते, माझं काहीच उत्तर नाही.