बांधाचा नकाशा

स्टुफेनी, २८ मे १९६७

चि. झाम्फिर यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र नाही, म्हणजे ब्राइलात फारच मोठे इंजिनिअर झालात! इथलं ऐक. कौलांवरच्या करकोचीनं काल स्वतःचंच पिल्लू घरट्याबाहेर ढकललं. अंगणात पडलं, हाडांवर नुसती पिसं. सगळ्यांना पुरेल एवढं तिला मिळतच नाही. दलदल आटवून मका पेरल्यापासून बेडूक गेले, साप गेले. उंदीर मात्र घरात शिरून साबण खातात.

बाबा रोज संध्याकाळी वल्हं खांद्यावर टाकून त्या कोरड्या ढेकळांत उभे राहतात. म्हणतात, गप्प बस, बेडूक बोलताहेत. लोक आधी हसायचे, आता तिकडून जायचंच टाळतात. खरं सांगू? परवा त्यांना आणायला गेले, तर मलाही ऐकू आलं.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी ताई, एव्दोकिया

ब्राइला, ४ जून

ती. ताईस सा. न.

पत्र वाचलं आणि ताट बाजूला सारलं. बाबांना सांगू नकोस, पण दलदल आटवणाऱ्या बांधाचा नकाशा माझा. मी पाण्याची खोली मोजली, पाण्यातलं जेवण मोजलं नाही. पाण्यात कुजलेल्या बोरूच्या गवतावर अळ्या, अळ्यांवर मासे नि बेडूक, त्यांच्यावर करकोचे आणि आपण. पाणी काढलं तसे सगळेच उपाशी. आता जमिनीतलं मीठ वर येतंय, मकाही जळेल. वरिष्ठांना सांगितलं, तर म्हणाले, तू रेघा मार, शेतीचं आम्ही बघतो.

माया असू दे, रागावलीस तरी.
झाम्फिर

स्टुफेनी, १३ जून

चि. झाम्फिर, आशीर्वाद.

बाबांनी काल बांधाचा दरवाजा उघडला. नदी भरलेली होती, सरकारी मका शेंड्यांपर्यंत बुडाला. चौकशीला दोन साहेब आलेत, तुरुंगाची भाषा करताहेत. बाबा छाती काढून कबूल करायला निघाले होते, कसंबसं खोलीत कोंडलंय.

रागाच्या भरात मी बाबांपुढे तुझं नाव बोलून गेले. तर म्हणाले, ठाऊक आहे, सहा वर्षांपूर्वीच कचेरीच्या भिंतीवर नकाशा पाहिला, पोराची सही सुबक आहे. सहा वर्षं, झाम्फिर! आणि तू सणाला आलास की माशाचं मानाचं डोकं तुझ्याच ताटात वाढायचे.

काय करू, लगेच कळव.
ताई

ब्राइला, २२ जून

ती. ताईस सा. न.

काळजी मिटली. दरवाजा मीठ धुवायला माझ्या हुकमावरून उघडला, असं मी लेखी दिलं. माझी नोकरी गेली, बाबांचा तुरुंग टळला. सोमवारपासून वीटभट्टीवर पाट्या वाहायच्या. बाबांना म्हणावं, जन्मात एकदा तोंड बंद ठेवा. गावी येत नाही. त्या शेताशी उभा राहिलो, तर मला काय ऐकू येईल याची भीती वाटते.

आठवण ठेव.
झाम्फिर

स्टुफेनी, २७ जून

चि. झाम्फिर यास आशीर्वाद.

बाबांनी तुझं पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग दाढी केली, सणाचा कोट चढवला आणि बोटीचं तिकीट काढून आण म्हणाले. आई गेल्यापासून त्यांनी गाव सोडलं नव्हतं. हे पत्र त्यांच्याच हाती देतेय. तुला घरी न्यायला आलेत, पण तसं म्हणायचे नाहीत, सहज उतरलो म्हणतील. मग भट्टीच्या दारात नुसते उभे राहतील.

तू आधी बोल.
तुम्हा दोघांची वाट पाहणारी,
एव्दोकिया