दोन्ही वायरी काढल्या तरी

सोमवार, ४ ऑगस्ट

काढली! जेवणाच्या सुट्टीत इंटरनेटची मोठी लाइन सरळ खेचून काढली. दशरथ सरांचा हात कपाळाला — "अगं शीतल, हॉस्पिटल आहे हे, तुझं कॉलेज नाही!" पण काढल्याशिवाय कळणार कसं, एक गेली की दुसरी काम उचलते की नाही? नुसते हिरवे दिवे बघून माझं समाधान होत नाही. क्षणभर अडखळलं, मग सगळं दुसऱ्या लाइनवर. झकास! मुलुंडला नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा नाचावंसं वाटलं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

सर चहाला गेले तेव्हा दोन्ही काढल्या. आता तरी बंद पडायला हवं ना? चालूच! रिपोर्ट जातायत, ओपीडीत कोणाची बोंब नाही. हे काय यार? भूत?

बुधवार, ६ ऑगस्ट

भूत नाही. नेटवर्कच्या स्विचमध्ये कोणीतरी तिसरा रस्ता लिहून ठेवलाय — दोन्ही लाइनी गेल्या तर इकडून जा. तोही फायरवॉलच्या पहाऱ्याला वळसा घालून! वायर छतातून खिडकीत, तिथून कंपाउंडवरून शेजारच्या बिल्डिंगमध्ये. म्हणजे पुढच्या दाराला कुलपं दोन आणि मागचं दार सताड उघडं. कोणीही यावं, पेशंटचे रिपोर्ट उचलावेत!

सरांना विचारलं. "मीच टाकलीय. हात लावू नकोस."

का पण?

"लावू नकोस म्हटलं ना."

असला राग आला! आम्हाला नियम शिकवतात आणि स्वतः?

गुरुवार, ७ ऑगस्ट

शेजारच्या बिल्डिंगमध्ये सरच राहतात. म्हणजे मंगळवारी हॉस्पिटल चाललं ते त्यांच्या घरच्या इंटरनेटवर! आणि एरवी काय, हॉस्पिटलच्या नेटवर घरी सिनेमे? तसे वाटत नाहीत. पण मग लपवायचं कशाला?

शुक्रवार, ८ ऑगस्ट

राहवलं नाही. सर मीटिंगला गेले आणि मी तिसरी वायर काढली. उद्या काही चोरीला गेलं तर जबाब मलाच द्यायचाय.

खुर्चीत बसते न बसते तोच आयसीयूतून राधा सिस्टर धावत — "तेरा नंबर गेला! मॉनिटरच्या पडद्यावरून गेला! काय केलंस गं?" घाईत वायर जागेवर बसेना. बसली एकदाची. सिस्टर पुन्हा पडद्याकडे पळाल्या, मी त्यांच्या मागे. तेरावी रेघ हलायला लागली तेव्हा कुठे त्यांनी वहीत वेळ टिपली.

मग मी आयसीयू बघितलं. खाटा बाराच आहेत.

शनिवार, ९ ऑगस्ट

तेरावी खाट सरांच्या घरात आहे. त्यांची बायको, कुंदाकाकू. श्वासाच्या मशीनवर. सर ड्युटीवर असले की काकूंवर सिस्टर लक्ष ठेवतात, इथल्या पडद्यावरून. सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून.

आज वायर फायरवॉलमधून रीतसर घेतली. तिच्यावरून आता काकूंचा श्वास तेवढा येईल, बाकी काही नाही.