पुढचा मजकूर फक्त वर्गणीदारांसाठी

मी, खाली सही करणारी, गल्लीत ‘पत्रवाली’ म्हणून ओळखली जाणारी विधवा बाई, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो खास माझ्या थोरल्या भावासाठी, म्हणजे दादासाठी. नोकरी गेल्यावर मी मेलेल्या माणसांवर दर आठवड्याला ई-मेलने पत्र पाठवायचे आणि वाचकांकडून त्याचे पैसे घ्यायचे ठरवले. तेव्हापासून त्याला माझ्या डोक्याविषयी शंका आहे.

कलम १. दादासाठी मी काय ठेवले आहे ते शेवटच्या कलमात लिहिले आहे. त्याने धीर धरावा.

कलम २. माझ्या दोन खोल्या सामानासकट माझ्या नणंदेला, वन्संना द्याव्यात. नवरा गेल्यावर सगळे म्हणाले, आता या दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटणार. उपटल्या, पण त्या माझ्या लेखातल्या विशेषणांवरून. मी लिहायचे आणि त्यांनी खोडायचे, असा आमचा संसार. स्वयंपाकघराच्या दाराची कडी नीट लागत नाही, ती सुताराकडून बसवून घ्यावी.

कलम ३. ज्या वर्तमानपत्रात मी निधनाच्या जाहिराती लिहीत होते, तिथले माझे ओळखपत्र संपादकांना परत करावे. तिथे ओळीमागे दर होता. त्यामुळे गरिबाचे आयुष्य दोन ओळींत आटपायचे आणि कंत्राटदाराला अर्धे पान मिळायचे. आमच्या कचेरीचा लिफ्टमन गेला तेव्हा मी त्याच्यावर पानभर लिहून नेले. संपादक म्हणाले, “बाई, लिफ्टमनवर कोण वाचणार? आणि जाहिरात कोण देणार?” ज्याने या गृहस्थाला रोज चौथ्या मजल्यावर सोडले, त्याच्याबद्दल हे बोलणे. मी तोंडावर बोलले, आणि महिनाअखेर घरी बसले. लिफ्टमन हाच माझ्या पत्राचा पहिला अंक. संपादक अजूनही निरोप धाडतात, “मला तेवढा फुकट पाठवत जा.” माझ्या पश्चातही पाठवू नये.

कलम ४. पत्राविषयी. दादा तेव्हा म्हणाला होता, “मेलेल्या माणसांबद्दल वाचायला जिवंत माणूस कशाला पैसे देईल?” पहिल्या वर्षी त्याचेच खरे होते. नातेवाईक फुकट वाचायचे आणि तोंड भरून कौतुक करायचे. कौतुकावर चूल पेटत नाही. मग मी पहिला परिच्छेद सर्वांना आणि पुढचा मजकूर फक्त वर्गणीदारांना, असा नियम केला. नातेवाइकांना राग आला. परके लोक मात्र पैसे भरून पुढे वाचू लागले.

दुसरा नियम असा, की मृताच्या घरच्यांकडून एक पैसा घ्यायचा नाही. एका घरमालकाचा मुलगा चेक घेऊन आला होता. मी म्हटले, “वडिलांवर लिहिते, चेक खिशात ठेवा.” लिहिले. ते भाडेकरूंशी कसे बोलत, तेही लिहिले. मुलाने वर्गणी बंद केली, भाडेकरूंनी सुरू केली.

गडगंज झाले नाही. पण घरखर्च, विजेचे बिल, डोळ्यांचे ऑपरेशन आणि वर्षातून एकदा समुद्र, हे सगळे या पत्राने भागवले. कोणापुढे हात पसरला नाही. दादापुढे तर नाहीच.

कलम ५. हे पत्र, त्याचा पासवर्ड, माझा कॉम्प्युटर आणि वाचकांचे पत्ते वन्संच्या हवाली करावेत. माझ्या भाच्याच्या, म्हणजे दादाच्या मुलाच्या हाती देऊ नयेत. पोरगा वाईट नाही. “आत्या, सगळं फुकट कर, वाचक वाढतील, मग जाहिराती येतील,” असे तो म्हणतो. अरे बाबा, जाहिरात आली की उद्या लिफ्टमनवर कोण वाचणार, हा प्रश्न तूच मला विचारशील. पत्ते कोणालाही विकायचे नाहीत. लोकांनी ते मला दिले आहेत, बाजाराला नाही.

वन्संना यातले काय कळते, असे विचारणाऱ्यांसाठी सांगते. मी ऑपरेशनला गेले तेव्हा अंक त्यांनी पाठवला. वर्गणीदारांना पाठवायचा तो घाईत सगळ्यांनाच गेला, शेवटपर्यंत, फुकट. शाळेत घंटा देणाऱ्या बाईवरचा तो अंक. वन्सं दिवसभर जेवल्या नाहीत. मग मला न विचारता त्यांनी सर्वांना लिहिले: “चूक माझी आहे. ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांची क्षमा मागते. ज्यांनी फुकट वाचले त्यांची मागत नाही.” त्या आठवड्यात आले तेवढे वर्गणीदार माझ्या गोड विनंत्यांनी वर्षभरात आले नव्हते. मी डोळ्याला पट्टी बांधून पडले होते, आणि पहिल्यांदा मला मरणाची भीती वाटेनाशी झाली. माझ्यानंतर हे बंद पडणार नाही, हे मला कळले.

कलम ६. बँकेतली ठेव वन्संनी मोडू नये. वर्षाची वर्गणी लोक आधी भरतात. कधी पत्र थांबवावेच लागले, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे त्यातून ज्याचे त्याला द्यावेत. त्यानंतर उरेल त्यातून वन्संनी समुद्र पाहावा.

कलम ७. माझ्यावर वर्तमानपत्रात जाहिरात देऊ नये. हे मृत्युपत्र हाच माझ्यावरचा अंक. मी गेल्यावर येणाऱ्या गुरुवारी वन्संनी तो पाठवावा. नियम तोच: कलम १ पर्यंत सर्वांना, पुढचा मजकूर वर्गणीदारांना. यात भाऊ म्हणून सवलत नाही. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, त्याने फक्त सही होताना पाहायची असते, असे वकीलबाई सांगतात. म्हणून साक्षीला दादालाच बोलावले आहे. सहीच्या वेळी वरचा मजकूर झाकून ठेवावा.

दादा, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही, म्हणून तुला काही ठेवलेले नाही. पण तू इथवर वाचत आला आहेस, म्हणजे वर्गणी भरली आहेस. मेलेल्या माणसाबद्दल वाचायला जिवंत माणसाने पैसे दिले, दादा. आता रडू नकोस. पुढचा अंक दुसऱ्या कोणावर तरी असेल, तो वाच.

स्थळ: माझे घर, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: महिन्याचा पहिला गुरुवार, अंक पाठवून झाल्यावर.

सही: पत्रवाली

साक्षीदार १: तळमजल्यावरचे चष्मेवाले. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: थोरला भाऊ. सही माझ्यासमोर झाली. मजकूर मी वाचायला आणलेल्या वर्तमानपत्राने झाकला होता. विचारलं तर म्हणाली, “गुरुवारी कळेल.” कुठल्या गुरुवारी ते सांगितलं नाही.