जत्रेआधी गोळी सुटावी म्हणून

धामापूर,
२५ ऑक्टोबर २०२५

चि. आनंदी हीस बाबलीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. मी जिवंत आहे. ताटाकडे पाहिलं तर तसं वाटत नाही, म्हणून मुद्दाम कळवतो.

फोन का केला नाही म्हणशील. मला कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजावर लावावा लागतो. मग माझी तक्रार आधी किशोरी सूनबाईला पोचते आणि नंतर तुला. पोस्टमन निदान मध्ये बोलत नाही.

दुखणं तुला ठाऊक आहेच. सकाळी खांदे आणि कंबर अशी धरतात की सदऱ्याच्या बाहीत हात घालायला किशोरी लागायची. वैशाखात कुडाळच्या डॉक्टरांनी स्टिरॉइडची गोळी दिली आणि आठवड्यात मी माडावर चढेन असं वाटू लागलं. मग तोंड सुजून भोपळा झालं, झोप गेली, साखर वाढली. आता डॉक्टर म्हणतात की गोळी हळूहळू उतरवू, पण मनाने सोडायची नाही. जाता जाता ते सहज म्हणाले की सूज कमी करणारं जेवण घेतलंत तर थोडी मदत होईल. ते सहज म्हणाले आणि किशोरीने ते देवाज्ञा म्हणून उचललं.

पाव गेला, साखर गेली, तळलेला बांगडा गेला. बांगडा मिळतो, पण हळद लावून केळीच्या पानात वाफवलेला, म्हणजे आजारी माणसाला आजारी मासा. बाकी नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला आणि सगळ्यावर जवसाची पूड. दिवाळीत शेजारची आकांक्षा करंज्या घेऊन आली, त्या मला लांबून दाखवण्यात आल्या. सिद्धेश जहाजावरून व्हिडिओ पाठवतो की बाबा, अक्रोड खा, ऑलिव्हचं तेल खा. स्वतः तिथे काय खातो त्याचा व्हिडिओ तेवढा पाठवायचा राहतो.

हसू नकोस. मला आपल्या थोरल्या भावाची, दत्ताराम दादाची आठवण येते. दम्यासाठी कुठून कुठून अशाच पांढऱ्या गोळ्या आणून त्याने वर्षानुवर्षे खाल्ल्या आणि शेवटी खोकताना त्याची बरगडी मोडली. मी रोज माझ्या बरगड्या चाचपून बघतो. तुझ्या बरगड्या ठीक असतील अशी आशा आहे. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाबली

*

बांदा,
२ नोव्हेंबर २०२५

ती. भाई यांस आनंदीचा साष्टांग नमस्कार. वि. वि. तुमचं पत्र वाचून मला वाटलं की किशोरी तुम्हाला तुरुंगात ठेवून आहे. म्हणून ते शेजारच्या जहिराला वाचून दाखवलं. तिने विचारलंय की तुम्ही सुनांची अदलाबदल कराल का. तिच्या सुनेने तिला आजवर पाण्याचा पेला आयता दिलेला नाही आणि तुम्हाला केळीच्या पानात मासा मिळतो, तर तुम्ही कागद काळे करताय.

दादाचं तुम्ही काढलंत ते बरं केलंत. दादाच्या गोळीला डॉक्टरच नव्हता. जो देईल त्याची खायची आणि पुन्हा मागायची. तुमची गोळी डॉक्टर मोजून देतात आणि मोजून काढताहेत. दोन्हींत फरक आहे, एवढं तर तुम्ही चौथीपर्यंत शिकलेले असूनही कळायला हवं.

सोबत कोकमाचं आगळ आणि कुळीथ पाठवते. दोन्ही किशोरीला चालतात, मी तिला विचारलं आहे. जत्रेला मी येणार आहे. तोवर भांडू नका आणि आमच्यावरची माया असू द्या.

आपली,
आनंदी

*

धामापूर,
११ नोव्हेंबर २०२५

चि. आनंदी, अनेक आशीर्वाद. आगळ पोचलं. माझ्या शिक्षणाबद्दलचा टोमणाही पोचला.

आता एक गोष्ट तुला सांगतो, ती पोटात ठेव. दसऱ्याला मी देवळात गाऱ्हाणं घातलं. महादू गुरवाने नारळ पुढे ठेवून देवीला सांगितलं की ह्यो तुझो झील जत्रेक गोळयेशिवाय तुझी पायरी चडतलो, आणि सगळी वाडी व्हय महाराजा म्हणून गरजली. महादूचा आवाज चांगला आहे. जत्रेआधी गोळी सुटेल हे त्या घटकेला मलाही खरं वाटलं.

आता जत्रा जवळ आली आणि डॉक्टर गोळी उतरवताहेत ती गोगलगायीच्या चालीने. त्यांचा हिशोब पुढच्या पावसाळ्यापर्यंत जातो. देवीला मी काय सांगू? बरं, शब्द माझ्या एकट्याचा असता तर गिळला असता. पण व्हय महाराजा सगळ्यांनी म्हटलं आहे. मी गोळी खाल्ली तर अख्खी वाडी खोटी पडते.

म्हणून त्रिपुरी पौर्णिमेपासून मी गोळी बंद केली आहे. किशोरी हातावर ठेवते, मी जिभेखाली धरतो आणि मग पानाच्या तबकातल्या चुन्याच्या डबीत टाकतो. पांढऱ्यात पांढरं, कोणाला दिसत नाही. जेवण मात्र सगळं जेवतो, म्हणजे गोळीचं काम त्या पाल्याने करावं. नाहीतर एवढा पाला मी कोणासाठी खाल्ला?

फक्त तब्येत जरा विचित्र झाली आहे. उठलो की घेरी येते, अन्न समोर आलं की उमळतं, पायांत जीव नाही. काल दोनदा उलटी झाली. किशोरीला वाटलं जवस बाधलं, म्हणून तिने जवस बंद केलं. एवढा एक फायदा झाला. शरीरातलं विष निघताना असं होत असेल, नाही का? तुझं काय मत ते कळव, पण फोन करू नकोस. अक्षर हललं आहे. समजून घे आणि माया ठेव.

तुझा,
बाबली

*

कुडाळ,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यांस किशोरीचा नमस्कार. वि. वि. हे पत्र बांद्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देते, संध्याकाळी मिळेल. दवाखान्यातून फोन करता येत नाही, कारण बाबांच्या खाटेपासून हलता येत नाही आणि आज त्यांना सगळं ऐकू येतंय.

काल पत्र वाचताक्षणी तुम्ही फोन केलात म्हणून मी न्हाणीकडे धावले. ते आत भिंतीला टेकून बसले होते, अंग गार, डोळे उघडे, पण मी कोण ते त्यांना कळत नव्हतं. तुम्ही फोन करायला दुपार केली असती तर पुढचं मला लिहवत नाही.

डॉक्टर म्हणाले की ही गोळी बरेच महिने घेतली की शरीर स्वतःचं तसलं औषध तयार करायचं विसरतं. त्याला हळूहळू जागं करावं लागतं, एकदम गोळी काढली की माणूस कोसळतो. आहाराने सूज थोडी आवरते, पण तो ह्या गोळीची जागा घेत नाही. हे मला आधी नीट कळलं असतं तर मी जवसापेक्षा गोळीवर जास्त लक्ष ठेवलं असतं.

सुई आणि सलाईन त्यांनी घेतलं, कारण गाऱ्हाण्यात सुईचं नाव नव्हतं. पण उद्यापासून डॉक्टर तोंडाने गोळी द्यायची म्हणतात आणि बाबांनी तोंड मिटलं आहे. म्हणतात, मेलो तर मेलो, वाडीला खोटं पाडणार नाही. मी रागावले, रडले, सिद्धेशनाही फोनवर घेतलं. तुमचंच ऐकतील तर ऐकतील. आमच्यावर लक्ष असू द्या.

आपली,
किशोरी

*

धामापूर,
१८ नोव्हेंबर २०२५

ती. भाई यांस नमस्कार. मी पहिल्या गाडीने आले ती तुमच्याकडे न येता देवळात गेले. माझ्या तोंडचं तुम्हाला खरं वाटणार नाही, म्हणून हे पत्र आणि प्रसाद घेऊन स्वतः महादू येतो आहे. काय शंका असेल ती त्याला विचारा.

मी महादूला विचारलं की दसऱ्याला तू देवीला सांगितलंस, वाडीने व्हय म्हटलं, पण देवी काय म्हणाली? तो तबक आवरू लागला. मग म्हणाला की जेवणाची वेळ झाली होती, कौल लावायचा राहिला. म्हणजे भाई, तुम्ही ज्या शब्दापायी न्हाणीत मरायला बसला होतात, तो देवीने दिलेलाच नव्हता. वाडी आणि तुम्ही, दोघांनी आपापसात ठरवून टाकलं होतं.

मी तिथेच बसले आणि देवीच्या अंगावर पाकळ्या चिकटवून कौल लावायला लावला. डॉक्टर सांगतील तशीच गोळी उतरवायची असेल तर उजवं दे. बराच वेळ एकही पाकळी हलेना. महादू म्हणाला, उद्या बघूया. मी म्हटलं, उद्या भाई नसेल. मग उजवी पाकळी पडली. महादूने नवीन गाऱ्हाणं घातलं आणि देवळात होते तेवढे सगळे व्हय महाराजा म्हणाले, दसऱ्याइतक्याच जोरात. काय बदललं ते एकानेही विचारलं नाही.

तुमची चुन्याची डबी मी परसात पुरली आहे. आता महादूसमोर गोळी घ्या. दादा गेला तेव्हा मी लहान होते, काही करू शकले नाही. ह्या खेपेला मला तसं बसवू नका. एवढं ऐका आणि मग हवा तेवढा लोभ करा.

आपली,
आनंदी

*

धामापूर,
१४ डिसेंबर २०२५

चि. आनंदीस अनेक आशीर्वाद. वि. वि. पाय चालतात, घेरी नाही, आणि तुझ्याशी भांडायला अंगात बळ आलं आहे. जत्रेला ये, तेव्हा भांडू. देवीची पायरी गोळीसकट चढणार आहे. वाटेत जो भेटतो तो मला गोळी घेतली का म्हणून विचारतो. वाडीला माझ्या प्रकृतीची एवढी काळजी आधी कधी नव्हती.

काल कुडाळला तपासणीला गेलो. रक्ताच्या तपासणीत सूज बरीच उतरलेली दिसली. डॉक्टर किशोरीला म्हणाले की जेवणाचाही हातभार दिसतोय, तसंच चालू ठेवा. मला म्हणाले, आता गोळी थोडीशी कमी करू.

ज्या वाक्यासाठी मी एवढे दिवस पाला खाल्ला, देवीला वेठीला धरलं आणि मरता मरता राहिलो, ते वाक्य ऐकून मीच घाबरलो. मी डॉक्टरांना विचारलं, एक महिना आहे तीच ठेवली तर चालणार नाही का? डॉक्टरांनी किशोरीकडे पाहिलं. ती उठली. बाहेर जाऊन बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की दोन पेशंटांनी काय झालं म्हणून विचारलं.

आज सकाळपासून नवीन माप सुरू झालं. गोळी गिळतो आणि तोंड उघडून, जीभ वर करून तिला दाखवतो. तिने कधी मागितलं नव्हतं. मीच दाखवतो. तीही वाकून नीट बघते आणि मगच भाकरी वाढते.

येताना थोडं आगळ आण. लोभ करतेसच, जरा कमी टोमण्यांत कर.

तुझा भाऊ,
बाबली