शनिवारची छाती

खोकला थांबला. पेन गादीखाली गेले होते, ते बायजाबाईने काढून दिले. "तुमी लिवता का खोकता? दोनातला एक करा," म्हणाली. पुढे लिहितो.

मी केसरीनाथ नामा तरे, राहणार कोन, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, वय एकसष्ट. धंदा पूर्वी जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम, यंत्रमाग, दुरुस्त करणारा. आता काही नाही. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आहे तो छातीवर, आणि तो कोणाच्या नावे करता येत नाही. आज शुक्रवार, लूम बंद आहेत, म्हणून लिहिणे सुचते.

राहते घर पत्नी बायजाबाईचे. तिच्यामागे मुलगा विशाल आणि मुलगी मैना यांचे, निम्मे निम्मे. मैनाने आपला हिस्सा सोडावा असे तिला कोणी गोड बोलून सुचवू नये.

बँकेतली ठेव बायजाबाईची. ती तिने माझ्या दिवसकार्याच्या जेवणावर उडवू नये. मी स्वतः बारा-पंधरा वर्षांत पोटभर जेवलेलो नाही. पोट भरले की श्वासाला जागा उरत नाही.

वाफेचे औषध देणारे मशीन मैनाने वळ गावी, सासरी न्यावे. तिथल्या गोदामांत काम करणाऱ्या कोणाला तरी लागेलच. दम्याच्या औषधाच्या पंपाची सवय लागते असे मला पुष्कळांनी सांगितले, म्हणून मी तो चोरून ओढत असे. सवय श्वासाची लागते. हे मशीनबरोबर सांगावे.

प्लास्टिकची निळी खुर्ची चुलतभाऊ कुमार याला द्यावी. मैनाच्या हळदीला नाचता नाचता मी बसलो, तेव्हा तो मांडवातून ओरडला, "ए दम्या, एक पेग मार, छाती मोकली होईल!" सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या हसण्यानेच दम लागला. हसणे मी तेव्हापासून जपून करतो. आडवे झोपता येत नाही म्हणून मी या खुर्चीत रात्री काढल्या आहेत. कुमारने एक रात्र तिच्यात झोपावे. मग माझा राग नाही.

मध्ये उठून दारापर्यंत जाऊन आलो. बसवत नव्हते.

आता लूम. घरामागच्या शेडमधले चार, आता विशाल चालवतो ते. हे कलम मी सकाळपासून टाळतो आहे.

शेडच्या खिडक्या बंद असतात, कारण वाऱ्याने सूत तुटते. सुताची भुकटी आतच फिरते. शुक्रवारी सुट्टी, आणि शनिवारी कामावर गेले की छाती जड होते. सोमवार-मंगळवारपर्यंत सुटते. त्यावरून आम्ही सगळे एकच समजत आलो: सुट्टी बाधते, काम मानवते. आमचा उस्ताद तर छाती भरली की शुक्रवारीही एखादा लूम चालू करायला सांगे. औषध म्हणून.

धामणकर नाक्याजवळच्या दवाखान्यात नळीत फुंकायला लावणारी संघरत्ना मला म्हणाली, "काका, उलटं आहे. सुट्टीत छाती जरा बरी होते, म्हणून भुकटी बाधते हे शनिवारी तिला कळतं. नंतर कळेनासं होतं, एवढंच."

गेल्या शनिवारी विशाल शेडमध्ये भिंतीला हात लावून उभा होता.

"काय रे?"

"काय न्हाय. काल जास्त झोपलो, छाती धरली. दोन घंटे लूम चालवला का मोकली होते."

"दवाखान्यात चल."

"मना दमा न्हाय, बाबा. तुमचा तुमी बघा."

तो एकतीस वर्षांचा आहे. आता या कामातून सुटला तर छाती सुटेल, असे संघरत्ना म्हणते. खात्री देत नाही.

म्हणून लिहितो: माझ्यामागे चारही लूम मोडून भंगारात द्यावेत. चालू स्थितीत कोणालाही विकू नयेत. येतील ते पैसे विशालचे, आणि शेडही त्याची, पण तिच्यात सूत चालवायचे नाही. शेडच्या खिडक्या उघडाव्यात. गंजल्या असतील. पाना-पकडीची माझी पेटी त्यासाठी विशालला दिली आहे. या सगळ्याचा अंमल मैनाने करावा, कारण ती विशालला घाबरत नाही.

हे मी स्वतः लिहिले, वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

केसरीनाथ नामा तरे

साक्षीदार: मनोज काशिनाथ म्हात्रे, शेजारी, कोन
साक्षीदार: संघरत्ना यशवंत गायकवाड, भिवंडी

कोन, शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

शनिवार सकाळ. सात वाजता लूम सुरू झाले. चहा घेऊन गेलेली बायजाबाई कप तसाच घेऊन परत आली. "भिंतीला धरून उभा हाय," म्हणाली. मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होते. मी उठलो. शेडपर्यंत जाताना दोनदा बसलो. मेन स्विच पाडला. विशाल म्हणाला, "बाबा, बीमवर अजून अर्धा सूत हाय!" आणि खोकू लागला. लूम बंद होते, म्हणून ते घरात सगळ्यांना ऐकू आले.